नवं एअर पिस्तूल आणि पुन्हा पुन्हा सात वाजता जाणारे शॉट

तक्रार ओळखीची आहे. जुन्या क्लबच्या पिस्तुलावर मुलगा किंवा मुलगी बऱ्यापैकी मारत असते. मग घरचे पोटाला चिमटा काढून परदेशी बनावटीचं नवं कोरं एअर पिस्तूल घेतात आणि पहिल्या महिन्यात स्कोअर वाढायच्या ऐवजी चार-पाच गुणांनी खाली येतो. दहा शॉटच्या मालिकेत सहा-सात चांगले, दोन-तीन मात्र आठ किंवा सातच्या वर्तुळात, आणि तेही ठरल्यासारखे घड्याळातल्या सातच्या दिशेला, म्हणजे डावीकडे खाली. रिअर साइट, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या टोकाची नेम धरायची खाच, उजवीकडे आणि वर फिरवली की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी शॉट एकच्या दिशेला जायला लागतात. साइट परत फिरवायची, आठवड्याने पुन्हा सात वाजता.

हा पाठशिवणीचा खेळ सुरू झाला की एक गोष्ट पक्की समजा: दोष साइटमध्ये नाही. साइट चुकलेली असती तर सगळेच शॉट एका बाजूला गेले असते, गठ्ठ्याने. इथे चांगले सुटलेले शॉट मधोमध जातात आणि हात बिघडलेले शॉट सातला. तुम्ही साइट फिरवली की बिघडलेले शॉट मध्ये येतात आणि चांगले शॉट एकच्या दिशेला फेकले जातात. म्हणजे चुकीला गुण आणि बरोबरला दंड. म्हणून पुढचं सगळं करून होईपर्यंत साइटच्या स्क्रूला हात लावायचा नाही. मी तर क्लबातल्या मुलांच्या साइटच्या स्क्रूवर कागदी चिकटपट्टी लावून टाकतो. राग येतो त्यांना, येऊ दे.

इथे जे सांगतोय ते १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आणि उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचायचं.

आधी पिस्तुलावरचा संशय काढून टाकू. नव्या मॅच पिस्तुलाच्या पेटीत बहुतेक वेळा कारखान्यातलं चाचणीचं कार्ड असतं. शिकंज्यात धरून मारलेले पाच शॉट एकाच भोकात गेलेले त्यावर दिसतील. ते भोक आणि दहाचं वर्तुळ यांची तुलना करा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, आतलं दहा ५ मिलिमीटरचं, छर्रा ४.५ चा. नळी तुमच्यापेक्षा कितीतरी चांगली मारते, हे एकदा मान्य केलं की अर्धी डोकेदुखी कमी होते. तरी मन मानत नसेल तर वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून, घाई न करता दहा शॉट मारा. ते एका जागी पडले तर पिस्तूल निर्दोष. छर्ऱ्यांचे दोन-तीन प्रकार याच पद्धतीने तपासून घेता येतात, पण छर्रा बदलून सातचा शॉट दहात आलेला मी कधी पाहिलेला नाही.

आता खऱ्या दोन चाचण्या. दोन्हींआधी नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, पिस्तूल ड्राय फायरच्या (छर्रा न मारता नुसता ट्रिगर चालवायच्या) खटक्यावर ठेवा, आणि तोंड टार्गेटच्या दिशेलाच. घरी करणार असाल तर छर्ऱ्यांचा डबा त्या खोलीत नको.

पहिली चाचणी डोळे मिटून. नेहमीसारखे उभे राहा, ग्रिप धरा, डोळे मिटा, हात उचला, खाली आणून टार्गेटच्या उंचीला स्थिर करा आणि मग डोळे उघडा. टार्गेटकडे बघू नका, फक्त रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाची उभी पट्टी, कुठे उभी आहे ते बघा. असं दहा वेळा. दहापैकी आठ वेळा फ्रंट साइट खाचेत डावीकडे सरकलेली किंवा खाली बुडालेली दिसली, तर ग्रिप तुमच्या हाताची नाही. तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती सरळ करता आणि ट्रिगर सुटायच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी परत जातं. तोच तुमचा सात वाजताचा शॉट.

दुसरी चाचणी कोऱ्या भिंतीवर. टार्गेट नको, काळा गोळा नको. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रिगर सोडायचा आणि त्या क्षणी फ्रंट साइट काय करते ते बघायचं. हलली नाही तर ट्रिगर ठीक. डावीकडे टुणकन गेली तर बोट कुठेतरी घासतंय. खाली बुडाली तर तुम्ही ट्रिगरबरोबर अख्खी मूठ आवळताय, लिंबू पिळल्यासारखी. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं असतं.

हे इतकं बारीक का बघायचं, त्याचा हिशोब एकदा करून ठेवा. दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरलं आणि फ्रंट साइट खाचेत फक्त पाव मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर शॉट जवळजवळ ८ मिलिमीटर सरकतो. वर्तुळांमधलं अंतरही ८ मिलिमीटरच आहे. म्हणजे पाव मिलिमीटरला एक गुण. उलट दोन्ही साइट एका ओळीत असतील आणि हात अख्खाच ८ मिलिमीटर हलला, तर शॉटही ८ मिलिमीटरच हलतो. हात हलणं डोळ्यांना भयंकर दिसतं पण ते स्वस्त आहे. मनगटाचं वळणं दिसत नाही आणि ते महाग पडतं. मुलं आयुष्यभर हात स्थिर करण्यामागे लागतात आणि ग्रिपकडे बघत नाहीत, ते यामुळेच.

तर ग्रिप. इथे वेळ घालवा, बाकी सगळ्याला मिळून लागेल त्यापेक्षा जास्त.

पहिली चूक खरेदीतच होते. आपल्याकडे मुलाला शाळेचा सदरा वाढत्या अंगाचा शिवतात, तशीच ग्रिपही एक माप मोठी मागवतात. मोठ्या ग्रिपमध्ये तळवा पोकळ राहतो, ती पोकळी भरून काढायला करंगळी आणि अनामिका आवळल्या जातात, आणि नळी खाली झुकते. लहान ग्रिप कानशीने फारशी मोठी करता येत नाही हे खरं, पण मोठी ग्रिप भरत बसणं त्याहून कटकटीचं. दोन मापांच्या मधे हात असेल तर लहान घ्या आणि आतून घासा.

घासायचं कुठे? अंदाजाने नाही. फळ्यावरच्या खडूची पूड तळव्याला आणि बोटांना लावा, ग्रिप नेहमीसारखी धरा, हात उचलून अर्धा मिनिट स्थिर ठेवा, मग हात अलगद काढा. अक्रोडाच्या गडद लाकडावर पांढरे डाग उठतात. जिथे डाग दाट तिथे दाब जास्त, जिथे लाकूड कोरं तिथे हात लागतच नाही. मधल्या बोटाच्या वरची बाजू, म्हणजे ट्रिगर गार्डच्या खाली, दाट डाग हवा, कारण पिस्तुलाचा भार तिथेच बसतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधली खळगी वरपर्यंत चढलेली हवी. अंगठ्याचा ठसा फिकट हवा. अंगठा दाबत असेल तर शॉट तीन वाजता पळतात. आणि तर्जनीचा ठसा ग्रिपवर उमटताच कामा नये. नव्या ग्रिपमध्ये सर्रास उमटतो. तर्जनीचं मूळ लाकडाला टेकलेलं असतं, बोट मागे येताना ते लाकूड डावीकडे ढकलतं, आणि आपण म्हणतो पिस्तूल डावीकडे मारतंय. तिथलं लाकूड अर्धगोल कानशीने एखाद-दोन मिलिमीटर उतरवलं की कित्येकांचा अर्धा आजार तिथेच बरा होतो.

दिशा सुधारायची असेल तर आधी ग्रिप बसवायचे स्क्रू बघा. बऱ्याच मॅच पिस्तुलांत ग्रिपचा कोन थोडा बदलता येतो आणि लोक ते न बघताच पुट्टी कालवायला घेतात. कोन बदलून भागलं नाही तर भर घालायची. डोळे मिटून उचलल्यावर फ्रंट साइट डावीकडे बघत असेल, तर ग्रिपच्या उजव्या अंगाला मागच्या बाजूस, तळव्याच्या टाचेखाली भर घाला. पिस्तुलाचा मागचा भाग डावीकडे ढकलला जातो आणि नळी उजवीकडे वळते. फ्रंट साइट उजवीकडे बघत असेल तर तिथलंच लाकूड उतरवा. फ्रंट साइट खाली बुडत असेल तर ग्रिपच्या पाठीला खालच्या टोकाशी भर, वर उठत असेल तर तिथे घासणं.

भर घालण्याआधी आठवडाभर कापडी चिकटपट्टीच्या थरांवर प्रयोग करा. एक थर, दोन थर, रोज डोळे मिटून दहा वेळा उचलून बघणं. जागा आणि जाडी पक्की झाली की मगच एपॉक्सी पुट्टी. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानातली, नळ गळायला लागल्यावर लावतात ती दोन गोळ्यांची पुट्टी छान चालते. दोन्ही भाग नीट मळा, लाकूड पॉलिश पेपरने खरखरीत करून त्यावर बसवा, वर पातळ प्लास्टिक पसरा आणि हात उचलून नेमबाजीच्या पवित्र्यातच दाबा. खुर्चीत बसून दाबू नका, बसल्यावर मनगटाचा कोन बदलतो. एका वेळी एकाच जागी भर. वाळली, घासली, शंभर शॉट मारले, मग पुढची जागा. तीन ठिकाणी एकदम पुट्टी लावली तर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तळव्याखालचा शेल्फ, म्हणजे ग्रिपच्या तळाशी हात टेकायचा कट्टा, घट्ट करायचा मोह सगळ्यांना होतो. हात जखडला की स्थिर वाटतो ना! पण तासाभरात हात गरम होऊन फुगतो आणि मूठ आपोआप आवळली जाते. शेल्फ आणि हाताच्या मधे पोस्टकार्ड सरकेल इतकी जागा ठेवा. नियमानेही शेल्फ वर वळवून हात कवेत घेता येत नाही, त्याचा कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही.

आणि इथे माझी स्वतःची फजिती. एकदा तळव्याच्या बाजूला हौसेने पुट्टी चढवली, सुरेख बसली, सरावात गुण वाढले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहित्य तपासणीला गेलो तर पिस्तूल मापाच्या पेटीत जाईना. एअर पिस्तुलासाठी ती पेटी आतून ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची असते आणि माझी ग्रिप रुंदीला पन्नाशी ओलांडून गेली होती. तपासणीच्या टेबलाबाहेर, फरशीवर बसून, उसन्या कानशीने दीड तास घासत होतो. घरी पुठ्ठ्याचा तसा खोका करून ठेवायला दहा मिनिटं लागतात.

ग्रिप बसली की ट्रिगर. तो आधी केला तर वाया जातो, कारण ग्रिप बदलली की बोटाची जागाही बदलते.

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. बारीक फिरवून ५०१ वर आणून ठेवणारे हुशार लोक असतात. धूळ, तेल, हवामान, कशानेही तो ४९८ होऊ शकतो, आणि तपासणी सामन्यानंतरही होते. ५१० ते ५२० वर ठेवा आणि शांत झोपा. वजन बघताना नळी उभी, तोंड वर, पिस्तूल कॉक केलेलं आणि हवेचा चार्ज चालू. सामान उचलायच्या स्प्रिंगच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. हूकसकट बरोबर ५०० ग्रॅम भरणारं वजन करून घ्या, आणि ते ट्रिगरच्या मध्यावर लटकवा.

ट्रिगरच्या पात्याची जागा आधी ठरवा: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य पात्यावर, आणि बोट मागे येताना सरळ मागे. पातं फार जवळ असेल तर बोट वाकून बाजूला ढकलतं, फार लांब असेल तर पोहोचण्यासाठी मूठच सरकते. मग दोन टप्प्यांचा हिशोब. पहिल्या टप्प्यावर बहुतेक वजन घ्या, साडेतीनशे ते चारशे ग्रॅम, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या भिंतीशी पोहोचल्यावर उरलेला थोडाच दाब द्यावा लागतो. दुसरा टप्पा जड ठेवणाऱ्यांचे शॉट सातला जास्त जातात, कारण शेवटच्या क्षणी जोर लावावा लागतो आणि जोर बोटाच्या ऐवजी मुठीतून येतो. शेवटी ट्रिगर स्टॉप, म्हणजे ट्रिगरला मागे अडवणारा स्क्रू. शॉट सुटल्यावर ट्रिगर मागे मोकळा धावत असेल तर बोट आदळतं, नळी हलते. स्टॉप थोडा थोडा आत घ्या, ट्रिगर सुटेनासा झाला की अर्धा फेरा मागे.

हे सगळं बाहेरच्या स्क्रूंनी होतं. आतला सिअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत पिस्तूल सुटू न देणारा खटका, घासून ट्रिगर मऊ करून देतो असं सांगणारा कुणी भेटला तर पिस्तूल पिशवीत घालून घरी या. तो भाग घासला की पिस्तूल नुसत्या धक्क्याने सुटू शकतं, मग तो खेळ राहत नाही. स्क्रू फिरवतानाही हवेचा सिलिंडर काढलेला, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी.

आता साइटवरची चिकटपट्टी काढा. पाच-पाच शॉटचे तीन गट मारा, तिन्ही एका ठिकाणी पडले तरच फिरवा. गट जिकडे न्यायचा तिकडे रिअर साइट न्यायची, एवढं सोपं आहे, पण जर्मन पद्धतीच्या खुणा घात करतात. स्क्रूवरचं एच हे अक्षर अनेक पिस्तुलांवर 'वर कर' असं सांगत नाही, 'शॉट वर जात असेल तर इकडे फिरव' असं सांगतं. टी खालच्या शॉटसाठी. त्यामुळे उलट फिरवून गोंधळलेली मंडळी दरवर्षी भेटतात. माहितीपत्रक वाचा आणि चार क्लिक देऊन गट कुठे गेला ते कागदावर लिहून ठेवा. फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना दिसणारा उजेड कमी वाटत असेल तर खाच रुंद करा. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच.

वजनं नंतर बघू. नळीखाली वजन लावलं की पहिले वीस शॉट स्वर्गीय वाटतात. सामना साठ शॉटचा असतो. पिस्तुलाच्या एकूण वजनाची मर्यादा १५०० ग्रॅमची असली तरी ती गाठायचीच असं कुठे लिहिलेलं नाही.

आता ज्यांनी हे सगळं केलं आणि दोन महिन्यांनी ज्यांचे शॉट पुन्हा सात वाजता जाऊ लागले, त्यांच्यासाठी. ग्रिपचा स्क्रू बघा. नव्या ग्रिपचं लाकूड दाबाने बसतं, स्क्रू तेवढाच राहतो, आणि ग्रिप केसभर हलायला लागते. हाताला ते कळत नाही. पाव मिलिमीटरचा हिशोब आठवा. घट्ट करून स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. फ्रंट साइटच्या स्क्रूलाही तीच रेघ.

दुसरं कारण पावसाळा. मुंबई-कोकणात आणि कोल्हापूरकडे जूननंतर लाकूड ओलावा धरतं, त्यात हाताचा घाम. ग्रिप फुगते, शेल्फमधली पोस्टकार्डाची जागा नाहीशी होते. घासलेल्या लाकडाला लगेच पातळ तेलाचे दोन-तीन हात दिले तर हे बरंच आटोक्यात राहतं. पण आत चकचकीत पॉलिश नको, हात सटकतो. पिस्तूल बंद पेटीत ओलं ठेवू नका, आणि ऑगस्टमध्ये एकदा खडूची चाचणी परत करा.

तिसरं कारण हवा. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखाच दाब देणाऱ्या झडपेच्या, मर्यादेखाली गेला की वेग पडतो आणि शॉट खाली उतरतात. पण ते सरळ सहा वाजता आणि सामन्याच्या शेवटी शेवटी, एकापाठोपाठ एक. सातला नाही. सिलिंडरवरची तारीखही त्यानिमित्ताने बघून घ्या, दहा वर्षांनंतर तो चालत नाही.

चौथं, मुलांच्या बाबतीतलं. तेरा-चौदाव्या वर्षी हात वर्षभरात बदलतो. गेल्या दिवाळीत बसवलेली ग्रिप या दिवाळीला त्याच हाताची राहत नाही, आणि आईवडील म्हणतात, मन लागत नाही हल्ली सरावात. आधी खडू लावून बघा. पुट्टी काढायची असेल तर कानशीनेच काढा, छिन्नीने ठोकून उपटू नका, अक्रोडाचा टवका निघतो. आणि काढल्यावर पुन्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून बघायचं, ५० मिलिमीटर.